अबब म्हणणारा अवाक नसतो

मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याकडे निघालं, की किल्ला लांबूनच दिसतो. पण त्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत नजरेला पडत नाही. तो अचानक समोर उभा राहिला की पाहुणे ‘अबब!’ म्हणतात आणि घरी जाऊन सांगतात, ‘आम्ही अवाक झालो!’ माझी तक्रार आहे ती इथेच. अबब म्हणणारा माणूस अवाक कसा?

वाक् म्हणजे वाणी. ती नसलेला तो अवाक. संस्कृतात शेवटच्या ‘क’चा पाय मोडतात, मराठीच्या लेखननियमांप्रमाणे आपण तो पूर्ण लिहितो. (आवक वेगळी, ती मासळीबाजारातली, आवाका आणखी तिसरा.) मूळ शब्दात आश्चर्य नाहीच, आहे ते नुसतं मुकेपण. आश्चर्य मागाहून चिकटलं. बंगालीत तर इतकं, की तिथे ‘अबाक’ म्हणजे सरळ आश्चर्यचकित.

शेजारचे शब्द पाहा. थक्क प्राकृतातून आला, त्यात थांबणं आहे. ‘थकणे’ त्याचाच भाऊबंद. पाऊल थांबतं, जीभ चालू राहू शकते. चकित म्हणजे संस्कृतात भ्यायलेला, हरणासारखा बिचकलेला. आणि विस्मयात चक्क स्मित दडलेलं आहे!

आता दिवेआगर घ्या. १९९७च्या नोव्हेंबरात तिथल्या सुपारीच्या बागेत खोदताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. तिथे थक्क शोभतो, विस्मय तर फारच शोभतो. पण २४ मार्च २०१२च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा गेला. चोरांनी तो वितळवल्याचं पुढे तपासात निघालं. त्या सकाळला थक्क म्हणवत नाही, चकित तर नाहीच. अवाक म्हणता येतं, कारण त्याला आनंदाची अट नाही. दुःखानं वाचा गेली तरी तो पुरतो. २०२१च्या नोव्हेंबरात नवा सुवर्णमुखवटा बसला, तेव्हा मात्र या शब्दाचं काही काम नव्हतं.

म्हणून बातम्यांतलं ‘किंमत ऐकून व्हाल अवाक’ मला खटकतं. भाव ऐकून माणूस गप्प बसत नाही, घासाघीस करतो! ‘तो अवाक होऊन ओरडला’ हे वाक्य तर आपलंच आपण खोडतं. ओरडायचंच असेल तर थक्क होऊन ओरडावं, हरकत नाही.