लग्नाशिवायचं भरलं घर

२००२ सालच्या उन्हाळ्यात महिन्याभराच्या अंतराने मराठीने दोन मोठ्या लेखिका गमावल्या. ७ मे रोजी दुर्गा भागवत गेल्या आणि ६ जूनला शान्ता शेळके. दोघींच्या वयात बारा वर्षांचं अंतर आणि स्वभावात दोन टोकं. दुर्गाबाई परखड, वाद अंगावर घेणाऱ्या. शान्ताबाई मृदू, गप्पांत रमणाऱ्या. दुर्गाबाईंनी १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, शान्ताबाईंनी १९९६ साली आळंदीच्या. दोघींनीही लग्न केलं नाही.

एखादी बाई लग्नाशिवाय राहिली की आपण लगेच कारण शोधायला लागतो. वडील लवकर गेले असतील, धाकट्या भावंडांची शिक्षणं काढली असतील, पत्रिकेत मंगळ असेल, कुठेतरी मन मोडलं असेल. यातलं काहीच हाती लागलं नाही, तर तिने ‘स्वतःला कार्याला वाहून घेतलं’ असं म्हणून मोकळे होतो. त्याग किंवा दुर्दैव, या दोनच खणांत अविवाहित बाईला बसवायची आपल्याला सवय झाली आहे. तिला तसं जगणं आवडलं, मानवलं, त्यात ती सुखी होती, ही शक्यता मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

जेलही आणि ‘खमंग’ही

दुर्गाबाई या दोन्ही खणांत मावत नाहीत. कऱ्हाडला आणीबाणीच्या सावटाखाली, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाणांसमोर त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली आणि तुरुंगातही जावं लागलं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण याच बाईंनी ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचं निसर्गचित्र रेखाटणाऱ्या आणि ‘व्यासपर्व’मध्ये महाभारताचा ठाव घेणाऱ्या दुर्गाबाईंना स्वयंपाकघरातही तितकाच रस होता. हे त्यागाचं जगणं नव्हतं. चवीचं, अभ्यासाचं आणि मतांचं, स्वतःच्या तंत्राने चालणारं जगणं होतं.

धाडसाला अविवाहितपण लागतं, असं मुळीच नाही. आणीबाणीविरुद्ध लढलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लग्न केलेलं होतं. म्हणजे लग्न न केल्यामुळे बाई मोठी होते असं नाही. पण लग्न न केल्यामुळे ती अपुरीही राहत नाही.

शान्ताबाईंचं आयुष्यही असंच गजबजलेलं. इंदापूरला जन्म, आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये पत्रकारिता, मग प्राध्यापकी, कविता, अनुवाद, चित्रपटगीतं. प्रेमगीतांपासून कोळीगीतांपर्यंत मराठी घराघरांत त्यांचे शब्द पोचले. लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा त्यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद कितीतरी मुलींनी उशाशी ठेवून वाचला. त्यातली जो ही लेखनवेडी, तडफदार मुलगी शेवटी लग्न करते. खरं तर अल्कॉटला जोचं लग्न लावायचं नव्हतं. वाचकांच्या आग्रहाखातर ते लावावं लागलं. स्वतः अल्कॉट मात्र जन्मभर अविवाहित राहिली, आणि तिचं पुस्तक मराठीत आणणाऱ्या शान्ताबाईही. कादंबरीतल्या मुलीला जी मुभा त्या काळी मिळाली नाही, ती या दोघींनी आपल्या आयुष्यात घेतली.

नकाराची किंमत

ही मुभा आयती मिळालेली नाही. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी लावलं गेलं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली कोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ साली मात्र नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर पैसे देऊन तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत, राजकोटच्या बायकांवर अनेक वर्षं उपचार करत राहिल्या. मनाविरुद्धच्या संसाराला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कायद्याच्या दारात उभा राहिला तो त्यांच्यामुळे.

रखमाबाईंच्याच पिढीतल्या, १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. स्त्रियांना पदवी द्यायला मात्र त्या विद्यापीठाला १९२० साल उजाडावं लागलं. कॉर्नेलिया अविवाहित राहिल्या. पडद्याआड राहणाऱ्या, पुरुष वकिलासमोर येऊ न शकणाऱ्या विधवांच्या इस्टेटीचे हक्क सांभाळण्याचं काम त्यांनी बंगाल-बिहारकडे अनेक वर्षं केलं.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि मराठी समाज हादरला. शिकल्या-सवरलेल्या, कमावत्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. मुलीच्या पगारावर घर चालतं म्हणून तिच्या लग्नाचा विषयच न काढणारे आईबाप तेव्हा होते, आजही आहेत. घरच्यांनी लादलेलं एकटेपण आणि स्वतः निवडलेलं एकटं राहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. गौरव करायचा तो निवडीचा. जिच्यावर ते लादलं गेलं, तिला आधी न्याय द्यायला हवा.

सरकारी कागदावरची ‘एक’

२०११ च्या जनगणनेनुसार देशात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि अविवाहित अशा एकल महिलांची संख्या सुमारे ७ कोटी १४ लाख होती. २००१ साली ती ५ कोटी १२ लाख होती. महाराष्ट्रात ‘एकल महिला’ या नावाने या बायका संघटित होत आहेत. शिधापत्रिका, घर, शेतातला वाटा असे रोजचे प्रश्न त्या मांडतात.

तरीही व्यवस्थेच्या नजरेत अविवाहित बाई ही अजून कुणाच्या तरी घरातली मुलगीच असते. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिलांबरोबर ‘कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला’ पात्र धरली आहे. घरात दोन अविवाहित बहिणी असल्या तर दुसरीचं काय? भाड्याने जागा घ्यायला गेलं की ‘आम्ही फॅमिलीलाच देतो’ हे ठरलेलं उत्तर. सोसायटीतल्या हळदीकुंकवात पन्नाशीच्या अविवाहित बाईला तिळगूळ मिळतो, पण वाण देताना हात अडखळतो. यातली प्रत्येक गोष्ट लहान वाटते. रोज सोसावी लागली की ती लहान राहत नाही.

कपाटाच्या दारावरचा कागद

आमच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक अविवाहित मावशी राहतात. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वर रक्तगट, खाली चालू गोळ्यांची नावं, आरोग्यविम्याचा क्रमांक, मग चार फोन नंबर आणि कुणाला आधी करायचा त्याचा क्रम. पहिला नंबर कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचा, दुसरा शेजारच्या मुलाचा, भाचीचा तिसरा. घराची एक किल्ली कायम शेजारी असते. दर रविवारी त्यांच्याकडे पाच-सहा जणी जमतात, भेळ होते, मोठ्याने पुस्तक वाचलं जातं. एकटं राहणं म्हणजे कुणी नसणं नव्हे, हे त्या कागदावरून कळतं. आपली माणसं कोण, हे त्यांनी विचारपूर्वक ठरवलेलं आहे.

मात्र कायद्याला त्या कागदाचा पत्ता नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार अविवाहित, निपुत्रिक स्त्री इच्छापत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आईवडिलांकडे जाते. ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे सहसा भावंडांकडे. चाळीस वर्षं सोबत केलेल्या मैत्रिणीचं नाव त्या यादीत कुठेच येत नाही. म्हणून इच्छापत्र हवंच. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार न केलेलं बरं. बँकेत नॉमिनी नेमला की काम झालं, हाही गैरसमज आहे. नॉमिनी साधारणपणे विश्वस्त असतो, मालक नव्हे.

दुखण्याखुपण्याचंही तसंच. अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. २०२३ साली त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं त्यात लिहिता येतात.

मातृत्वाच्या बाबतीत कायदा बराच पुढे आला आहे. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचं नाव न सांगता त्याचं पालकत्व मिळू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरवलं. २०२२ साली, २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताबाबत विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असाही निकाल दिला. पण २०२१ च्या सरोगसी कायद्याने एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा आणि घटस्फोटितांना परवानगी दिली. कधीच लग्न न केलेल्या स्त्रीला वगळलं. एकदा तरी बोहल्यावर चढलेली असावी, ही अट आधुनिक कायद्यातही शिरली.

हे बदलायला हवं, आणि त्याची सुरुवात घरातून करता येते. तिशी उलटलेल्या मुलीला दर समारंभात ‘आता तुझं कधी?’ विचारणं थांबवावं. तिने घर घेतलं, तर वास्तुशांतीला लग्नाइतक्याच उत्साहाने जावं. आईवडिलांचं आजारपण तिच्या एकटीच्या गळ्यात न घालता भावांनीही वाटून घ्यावं, कारण तिचा वेळ रिकामा नसतो. वाण देताना हात अडखळू नये. लग्न हे आयुष्याच्या अनेक चांगल्या वाटांपैकी एक आहे. दुसरी वाट धरलेल्या बायकांनी आपल्याला पुस्तकं दिली, गाणी दिली, न्यायासाठी झगडण्याचे धडे दिले. पण यातलं काहीही न देणारी, नोकरी करून संध्याकाळी आपल्या घरी आनंदाने वरणभात खाणारी बाईही तितक्याच मानाची धनी आहे.