कलणे, कलंडणे आणि कसरतीचे विमान

मराठीतील ‘कलणे’ व ‘कलंडणे’ या क्रियापदांत अल्प, तथापि निर्णायक भेद आहे. कललेली होडी सावरू शकते. कलंडलेली सावरत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील होडीच्या एका अंगास आडव्या दांड्यांनी जोडलेले तरते लाकूड, म्हणजे उलांडी, हा भेद राखण्यासाठीच असते. होडी तिच्या बाजूस कलली तर पाणी उलांडीस वर ढकलते. उलट बाजूस कलली तर उलांडीचे वजन तिला मागे ओढते. घरी बांधावयाच्या कसरती विमानाची रचना याच भेदाच्या आधारे उलगडते.

प्रवासी नेणाऱ्या लहान विमानास उलांडीचा गुण हवा असतो. त्याच्या पंखांची टोके किंचित वर उचललेली असल्यास, विमान एका अंगास कलून घसरू लागताच खालच्या पंखास अधिक उचल मिळते व ते पूर्ववत होऊ पाहते. अमोल यादव यांनी मुंबईत चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले व २०१७ मध्ये नोंदले गेलेले विमान सहा आसनांचे आहे. अशा विमानात स्थैर्य हा गुणच होय.

कसरतीत तोच गुण अडसर ठरतो. विमान उताणे केले की वर उचललेली टोके खाली झुकतात आणि सावरणारा परिणाम उलटा होतो. यास्तव पंखांची उचल येथे अत्यल्प ठेवतात व पंखाचा छेद वरखाली सारखा घेतात. कर्टिस पिट्स यांचे द्विपंखी ‘पिट्स स्पेशल’ १९४४ मध्ये प्रथम उडाले. १९६२ पासून त्याचे आराखडे हौशी बांधणाऱ्यांस मिळू लागले. त्या एस-१सी प्रकाराचे पंख खालून सपाट होते. पुढील एस-१एस प्रकारात छेद समरूप झाला आणि विमान कलविणाऱ्या हलत्या पट्ट्या दोहोंऐवजी चार झाल्या.

बळकटीचेही तसेच. दीर्घकाळ रूढ असलेल्या अमेरिकन नियमांत लहान सामान्य विमानास वजनाच्या ३.८ पट भार पेलणे पुरे होते. कसरती विमानास ६ पट आणि उलट दिशेने ३ पट. म्हणून सामान्य विमानाने कसरत करू पाहणे प्राणघातक ठरू शकते.

कसरतीचे विमान कलविले तितकेच कललेले राहते. आपणहून सावरत नाही, कलंडतही नाही. या तिसऱ्या अवस्थेस वरील दोहोंपैकी एकही क्रियापद लागू पडत नाही. शास्त्र तिला उदासीन समतोल म्हणते. तीत सावरण्याचे दायित्व रचनेकडून वैमानिकाच्या हातांकडे येते. पहिली रेघ ओढण्यापूर्वी बांधणाऱ्याने ठरवावयाचे ते हेच.