खाडीपलीकडची प्रयोगशाळा

रायगडच्या किनाऱ्यावर दगडीचा म्हणजे कासदाहाचा त्रास नवा नाही, पण त्याची किंमत नवी आहे. कोकण कपिला गाय जेमतेम दोनेक लिटर दूध द्यायची. सड सुजला तर हळदीचा लेप लागायचा आणि घरच्यापुरतं दूध कमी पडायचं. संकरित जर्सी आणि मुऱ्हा म्हैस कर्ज काढून गोठ्यात आली, तेव्हा एक सड निकामी होणं म्हणजे हप्ता चुकणं झालं. त्यात इथला चार महिन्यांचा पाऊस. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं, आणि जनावर नेमकं तेव्हाच ओल्या शेणात बसतं.

छुपी दगडी डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी 1957 साली अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्निया चाचणी मांडली: चार खणांच्या ट्रेमध्ये चारही सडांचं दूध, त्यात डिटर्जंटचं द्रावण. सूज असेल तर दूध बुळबुळीत, घट्ट होतं, कारण दुधात उतरलेल्या गाईच्या पेशी फुटून त्यांतला डीएनए बाहेर पडतो. म्हणजे डीएनएवर चालणारी तपासणी गोठ्यात केव्हाच पोचली होती. तिला तसं कुणी म्हटलं नाही, एवढंच.

पण ती सूज सांगते, जंतू नाही. जंतू वाढवून ओळखायला एक-दोन दिवस लागतात, मायकोप्लाझ्माला त्याहून बरेच जास्त, आणि कित्येकदा थाळीत काहीच उगवत नाही. तोवर अंदाजाने अँटिबायोटिक टोचून झालेलं असतं. 1983 साली कॅरी मलिस यांना सुचलेल्या, डीएनएच्या प्रती वाढवून जंतू ओळखणाऱ्या पीसीआरने हा वेळ तीन-चार तासांवर आणला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला तर ती गाय सगळ्यांत शेवटी पिळायची, कारण तो सडावरून सडावर जातो; ई. कोलाय निघाला तर आधी गोठा कोरडा करायचा. जंतूत पेनिसिलिन निकामी करणारं ब्लाझेड जनुक सापडलं, तर पेनिसिलिनवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

2020 मध्ये आरटीपीसीआर हा शब्द घराघरांत पोचला. मात्र यंत्राचे तास नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोचल्यावर सुरू होतात, हे विसरलं जातं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं. अलिबागहून सरळ रेषेत ते जवळच. पण दगडी बळावते पावसाळ्यात, आणि तेव्हाच मांडव्याच्या लाँच बंद असतात. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली. तीही हवामान पाहून सुटते. पुण्याच्या औंधची रोग अन्वेषण प्रयोगशाळा गाठायची तर घाट चढावा लागतो. नमुना थंड ठेवायला बर्फ मात्र इथे मुबलक, मासळीच्या कृपेने.

म्हणून मला पीसीआरपेक्षा लॅम्प या पद्धतीचं अप्रूप जास्त. 2000 साली जपानी संशोधकांनी ती मांडली. 60 ते 65 अंशांवर सुमारे तासाभरात जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढतात; तापमान वरखाली करणारं महागडं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात मावेल अशी ही गोष्ट.

तिथेही हात स्वच्छ हवेत. सड धुऊन कोरडा करायचा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा सोडायच्या आणि बाटली तिरपी धरायची, म्हणजे वरून शेणाचा कण पडत नाही. अशी चाचणी मेलेल्या जंतूचा डीएनएही दाखवते, त्यामुळे औषध संपल्या संपल्या पुन्हा दूध तपासून घाबरण्यात हशील नाही.