हवाई दलातील चार इंजिनियर बंधू

भारतीय हवाई दलाच्या प्रारंभीच्या इतिहासात एका पारशी कुटुंबातील अस्पी, मिनू, रॉनी आणि जंगू हे इंजिनियर आडनावाचे चार बंधू वैमानिक म्हणून दाखल झाले, आणि त्यांपैकी तिघांना डीएफसी, म्हणजे शत्रूविरुद्धच्या उड्डाणातील शौर्यासाठी दिले जाणारे ब्रिटिश पदक, मिळाले. थोरले अस्पी यांनी 1930 मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, इंग्लंड ते कराची असे एकट्याने उड्डाण करून आगाखान पारितोषिक पटकावले. उलट दिशेने निघालेले प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा यांनी वाटेत इजिप्तमध्ये त्यांना इंजिनाचे स्पार्क प्लग दिले होते, आणि हा दिलदारपणा आजही मन भारावून टाकतो.

हवाई दलाकडे सुरुवातीच्या काळात वापिती ही दुपंखी, म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेली, विमाने होती. उघड्या कॉकपिटमध्ये पुढे वैमानिक आणि मागे बंदूकधारी बसे, तर बॉम्ब पंखांखाली टांगलेले असत. ब्रिटिश भारताच्या वायव्य सरहद्दीवर टोळ्यांच्या वस्त्यांवर आधी इशाऱ्याची पत्रके टाकून मग बॉम्बफेक होत असे. वैमानिकांचे धैर्य निर्विवाद असले, तरी खालच्या वस्त्यांनी सोसलेली झळ विसरता येत नाही.

पुढे मिनू यांना 1947-48 च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले आणि 1971 च्या युद्धात त्यांनी पश्चिम हवाई कमांडचे नेतृत्व केले, तर अस्पी डिसेंबर 1960 मध्ये हवाई दलप्रमुख झाले.