माहजाँग : सोंगट्यांची रमी
संगणकावर एकट्याने जोड्या जुळविणे म्हणजे माहजाँग, हा समज अपुरा आहे. मूळ चिनी खेळ चौघांचा. मुंबईत तो नौदल अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत रुजला. गिरगाव-लालबागच्या चाळींत रमी खेळलेल्यांना तो सहज उमगेल.

टिंब, बांबू व अक्षर या तीन रंगांच्या एक ते नऊ अंकी सोंगट्या प्रत्येकी चार, म्हणजे १०८. चार वारे व तीन ड्रॅगन यांच्या २८ आणि फुले-ऋतूंच्या आठ धरून एकूण १४४.

प्रत्येकाला १३ सोंगट्या मिळतात. एक उचलावी, एक टाकावी. चौदाव्या सोंगटीने चार त्रिकुटे व एक जोडी पूर्ण झाली की डाव जिंकला. त्रिकूट म्हणजे तीन सारख्या किंवा एकाच रंगातील तीन क्रमवार सोंगट्या. टाकलेली सोंगटी सारख्या त्रिकुटासाठी कोणीही उचलू शकतो, क्रमासाठी मात्र केवळ पुढचा खेळाडू. साहजिकच, काय उचलावे यापेक्षा काय टाकू नये, हे आधी शिकावे.