पाणी गढुळते, रक्तही गढुळते!

पावसाळ्यात मुरबाडच्या काळू नदीचे किंवा शहापूरच्या भातसा नदीचे पाणी ओंजळीत घ्या. तळहात दिसत नाही. त्याच पाण्यात तुरटी फिरवून घागर स्वस्थ ठेवा, काही वेळाने पाणी निवळते. हे होते तरी कसे?

पाण्यात तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण प्रकाशाला सरळ जाऊ देत नाहीत, चहूकडे उधळतात. म्हणून पाणी गढूळ दिसते. या कणांवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीने तो भार नाहीसा होतो, कण एकमेकांना बिलगतात आणि जड होऊन खाली बसतात.

आपल्या रक्ताचेही असेच आहे. त्यातील पेशी वेगळ्या केल्या की पिवळसर, पारदर्शक द्रव उरतो. दिवाळीचा फराळ चेपून खाल्ल्यावर काही तासांनी तो पाहिला, तर दुधाळ दिसेल! करंज्या-चकल्यांतील स्निग्धांशाचे कण त्यात तरंगत असतात. निरोगी शरीर ते हळूहळू उचलते. मात्र बारा तासांच्या उपासानंतरही द्रव दुधाळच राहिला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पण वाचकहो, नितळ ते निर्मळच, असे समजू नका. विषमज्वराचे जंतू नितळ पाण्यातही असू शकतात. भातसाचे पाणी मुंबईकरांना निवळून, क्लोरीन घालून मिळते. नळ न पोहोचलेल्या पाड्यावर ते काम घरातल्या बाईचे. तिने तुरटीवरच न थांबता पाणी उकळावे, हे बरे.