पोलाद आणि कर्बाची जकात

ग्लासगो येथील जागतिक परिषदेत २०२१ साली भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. त्या वचनाची खरी कसोटी पोलादाच्या भट्टीपाशी लागणार, हे तेव्हाच उघड होते. वीज कोळशावाचून निर्माण करता येते. पोलादाचे तसे नाही. झोतभट्टीत कोळसा केवळ जळण म्हणून पडत नाही. लोहखनिजातील प्राणवायू ओढून घेण्याचे कामही तोच करतो आणि त्या क्रियेतूनच कर्बवायू बाहेर पडतो. आपल्याकडे नैसर्गिक वायू तुटपुंजा आणि भंगारही अपुरे. परिणामी भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कर्बवायू हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे.

या उणिवेची किंमत आता वसूल होऊ लागली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने आयात मालामागील उत्सर्जनाचा हिशेब मागण्यास प्रारंभ केला आणि १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या पोलादावर त्या हिशेबाने आकारही लागू झाला. ज्यांनी दोन शतके कोळसा जाळून आपली नगरे व रेल्वे उभारली, त्यांनी दरडोई पोलादाचा वापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास असलेल्या देशाकडून जकात मागावी, यात न्याय कोठे आहे? हा सवाल भारताने प्रत्येक व्यासपीठावर ठणकावून विचारलाच पाहिजे.

परंतु गाऱ्हाणे म्हणजे धोरण नव्हे. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटांची अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. विद्युत भट्टीसाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंडांचे साह्य देऊ केले. पण नवी भट्टी पेटण्यास काही वर्षे अवकाश असतानाच जुनी बंद झाली, आणि सुमारे २,८०० नोकऱ्या कमी होणार असल्याचे कंपनीने आधीच जाहीर केले होते. तयारीवाचून आलेले परिवर्तन प्रथम कामगाराचीच चूल विझवते, हा त्याचा धडा आहे.

आपल्यापाशी तयारीस वेळ आहे. मात्र तो फार नाही. २०१७ च्या पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी नवे कारखाने उभे राहत आहेत. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या खनिजावरही ते उभे राहत आहेत. आज पेटणारी भट्टी कित्येक दशके धगधगत राहील. तिची रचना आज चुकली, तर ती चूक आपली नातवंडे फेडतील.

युरोपच्याच नियमात एक वाट आहे. उत्पादक देशात कर्बाची किंमत भरली असेल, तर तेवढी वजावट तेथे मिळते. मग ती रक्कम परक्या तिजोरीत का जावी? भारताने २०२३ साली कर्बपतव्यापाराची योजना अधिसूचित केली आहे. तिला खरी धार द्यावी आणि येणारा पैसा हायड्रोजन, भंगार-संकलन व विद्युत भट्ट्यांवर खर्चावा. जालन्याच्या छोट्या रोलिंग मिललाही त्यात वाटा मिळावा. टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ‘हरित’ ठरवले. आता आपल्या पुलांसाठी व रुळांसाठी सरकारने ते विकतही घ्यावे. झोतभट्टीचा बहुतेक कोळसा परदेशातून येतो, हे ध्यानी घेता यात देशाचे परकीय चलनही वाचेल.

कर्बाची किंमत चुकवावी लागणारच आहे. ती घरी भरून कारखाने सुधारावयाचे, की परक्याच्या नाक्यावर भरून रिकाम्या हाताने परतावयाचे, एवढाच निर्णय दिल्लीच्या हाती उरला आहे.